वडिलांच्या पश्चात सावत्र आई आणि आम्ही दोघे भावंडे : घराचा हिस्सा नेमका कसा ठरतो?

वैनगंगा :

नमस्कार मंडळी. विषय घरातला आहे, आणि म्हणूनच तो नातेवाइकांपुढे मांडता येत नाही. येथे मला कोणी ओळखत नाही, त्यामुळे मोकळेपणाने लिहिते.

आमचे घर नागपुरात त्रिमूर्तीनगरात आहे. आई शिक्षिका होती. प्लॉटची रजिस्ट्री तिने १९८९ मध्ये स्वतःच्या नावाने, स्वतःच्या पगारातून साचवलेल्या पैशांत केली. १९९२ मध्ये घर उभे राहिले. त्याचे कर्ज आई आणि बाबा अशा दोघांच्या पगारातून फिटले. १९९८ मध्ये आई गेली तेव्हा मी चौदा वर्षांची होते आणि भाऊ अकरा वर्षांचा. २००४ मध्ये बाबांनी दुसरे लग्न केले. मावशींचे (आम्ही त्यांना पहिल्या दिवसापासून मावशीच म्हणतो) पहिले यजमान लग्नानंतर दोनच वर्षांत अपघातात गेले होते आणि त्यांना मूलबाळ नव्हते. बाबा राज्य शासनाच्या नोकरीतून निवृत्त झाले होते. गेल्या वर्षी कोजागिरीनंतर चार दिवसांनी तेही गेले. शेवटची तीन वर्षे त्यांचे डायलिसिस सुरू होते आणि आठवड्यातून दोनदा ऑटोने त्यांना नेण्या-आणण्याचे काम मावशींनी केले, हे मी आधीच सांगून टाकते, कारण पुढचे वाचताना ते लक्षात असलेले बरे.

भाऊ पुण्याला असतो. तेरवीच्या दिवशी पंगत उठायच्या आत त्याने मावशींसमोर टंकलिखित हक्कसोडपत्राचा मसुदा ठेवला. मंडपात वाढपी अजून फिरत होते. मावशींनी कागद घडी करून पदराखाली ठेवला आणि त्याला म्हणाल्या, "तू अजून जेवला नाहीस, आधी पानावर बस." सही त्यांनी केली नाही, नाहीही म्हटले नाही. तेव्हापासून भाऊ आणि त्या एकमेकांशी बोललेल्या नाहीत.

भावाचे म्हणणे असे की घर आईचे, त्यात मावशींचा काडीचाही संबंध नाही. घर बिल्डरला देऊन तेथे फ्लॅट स्कीम करावी, असा त्याचा विचार आहे. मावशींचे बंधू म्हणतात की पत्नी म्हणून त्यांचा सरळ एक तृतीयांश हिस्सा आहे. बाबांच्या मुदत ठेवींवर नॉमिनी म्हणून मावशींचे नाव आहे आणि कुटुंब निवृत्तिवेतनही त्यांना सुरू झाले आहे. मागच्या आठवड्यात मी नगर भूमापन कार्यालयातून आखीव पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) काढली. तिच्यावर आईच्या नावाला कंस केलेला आहे, म्हणजे ते कमी केले आहे, आणि खाली एकट्या बाबांचे नाव आहे. फेरफाराची, म्हणजे नाव बदलल्याची, नोंद १९९९ ची आहे. आमची दोघांची नावे कोठेही नाहीत. मग घर बाबांचेच झाले का? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

तिखटमीठ :

यात विचारण्यासारखे काय आहे, ताई? तुमच्या आईने पै-पै जोडून घेतलेली जागा आहे. मावशींना पेन्शन मिळते आहे, ठेवी मिळणार आहेत. सेवेचे मोल मान्य आहे, परंतु सेवा केली म्हणून कोणी घराचा मालक होत नाही. भावाची वेळ चुकली, मुद्दा चुकलेला नाही.

काळा कोट :

मी जिल्हा न्यायालयात दिवाणी बाजूची कामे करतो. येथे लिहितो तो सल्ला नव्हे, कागद पाहिल्याशिवाय सल्ला देताही येत नाही. आधी तीन प्रश्न : आपल्या आईने मृत्युपत्र केले होते का? बाबांनी केले होते का? आणि बाबांची आई, म्हणजे आपली आजी, त्यांच्या निधनाच्या वेळी हयात होती का? तिसरा प्रश्न लोक हमखास विसरतात. पुरुषाच्या मागे त्याची आईसुद्धा पत्नी आणि मुलांच्या बरोबरीने पहिल्या वर्गातील वारस असते.

वैनगंगा :

आईचे मृत्युपत्र नव्हते. बाबांचेही नाही, निदान आम्हाला माहीत तरी नाही. आजी २०११ मध्येच गेली.

काळा कोट :

मग गणित मांडता येते, आणि ते तुमच्या भावाच्या किंवा मावशींच्या बंधूंच्या, कोणाच्याच मनासारखे येत नाही.

हिंदू उत्तराधिकार अधिनियम १९५६ मध्ये पुरुषाच्या आणि स्त्रीच्या मिळकतीचे नियम वेगवेगळे आहेत. आई मृत्युपत्र न करता गेली, तेव्हा कलम १५ प्रमाणे तिची मिळकत तिची मुले आणि पती यांच्याकडे सारख्या वाट्याने गेली. म्हणजे १९९८ मध्येच, कोणी कागद करो वा न करो, बाबा, आपण आणि भाऊ असे तिघे त्या घराचे एकेक तृतीयांश मालक झालात. आपण अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालील, होतात म्हणून हिस्सा कमी होत नाही. पुढे बाबा गेले तेव्हा मागे राहिला तो केवळ त्यांचा एक तृतीयांश. तो कलम ८ आणि १० प्रमाणे पत्नी, मुलगी आणि मुलगा यांच्यात सारखा वाटला जातो. दुसरी पत्नी म्हणून मावशींचा वाटा कमी होत नाही, कारण पहिल्या पत्नीच्या निधनानंतर झालेले लग्न पूर्णपणे वैध आहे. पहिली पत्नी हयात असताना आणि घटस्फोट झालेला नसताना लग्न झाले असते, तर मात्र मावशी वारसच ठरल्या नसत्या.

तेव्हा घराचे नऊ भाग करा. आपले चार, भावाचे चार आणि मावशींचा एक.

१९९९ च्या फेरफाराची धास्ती घेऊ नका. आखीव पत्रिका असो की सातबारा, त्यावरील नोंद ही महसूल आणि कर यांच्या सोयीसाठी असते. तिने मालकी निर्माण होत नाही आणि जातही नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने अनेकदा सांगितले आहे. त्या काळी मुले लहान असली की बापाचे एकट्याचे नाव चढवून मोकळे होण्याची पद्धतच होती. बहुधा आपल्या बाबांच्या मनात काही वावगे नसावे.

सावधगिरी म्हणून एक गोष्ट सांगतो. प्लॉटचा पैसा किंवा बांधकामाचा खर्च बाबांचा होता, असा मुद्दा समोरच्या बाजूने येऊ शकतो. आईची पगारपत्रके, बँकेचे पासबुक, कर्जाचे कागद असतील तर जपून ठेवा.

तिखटमीठ :

नऊ भागांतला एक! मग माझेच म्हणणे जवळजवळ खरे ठरले की. एका नवमांशासाठी घर अडवून बसण्यात काय हशील?

काळा कोट :

अडवून बसण्याचा प्रश्नच नाही. अविभक्त घरात एक नवमांश वाटा असणारा सहहिस्सेदारही घराच्या प्रत्येक विटेत मालक असतो. वाटणी होईपर्यंत मावशींना "तुमचा भाग एवढाच, तुम्ही न्हाणीघराशेजारच्या खोलीत राहा" असे कोणी सांगू शकत नाही. शिवाय कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक अधिनियम २००५ प्रमाणे ज्या घरात त्या पत्नी म्हणून वीस वर्षे राहिल्या, त्या सामायिक घरातून त्यांना कायद्याच्या मार्गाशिवाय बाहेर काढता येत नाही.

मृगबहार :

मी काटोलकडचा. आमच्या अनुभवातून एक गोष्ट सांगतो, कारण वैनगंगाताईंच्या बाबतीत जी भीती निराधार आहे ती आमच्या बाबतीत खरी ठरली.

आमच्या वडिलांनी दुसरे लग्न केले, तेव्हा नव्या आईला पहिल्या घरचा एक मुलगा होता. तो त्याच्या आजोळी वाढला, आमच्या घरी तो कधी राहिला नाही. वडील गेले आणि संत्र्याच्या बगीच्यातील त्यांचा हिस्सा आई, मी आणि बहीण असा तिघांच्या नावे चढला. आई गेल्यावर आम्ही धरून चाललो की त्यांचा भाग आता आमच्याकडे परत येईल, कारण जमीन तर आमच्या वडिलांची. पण तसे झाले नाही. स्त्रीला स्वतःचे मूल असेल, मग ते कोणत्याही पतीपासूनचे असो, तर तिची मिळकत त्या मुलाकडे जाते. सातबाऱ्यावर आमच्या दोघांच्या नावांखाली एक वेगळेच आडनाव आले. आज मृगाच्या बहाराचा सौदा करताना व्यापारी तीन सह्या मागतो आणि त्यातली एक सही वर्ध्याहून आणावी लागते. माणूस तो वाईट नाही, फोन केला की येतो. परंतु पहिल्या वर्षी त्याला बगीच्याच्या धुऱ्यावर उभे पाहून माझ्या बहिणीला रडू आले, हेही खरे.

काळा कोट :

मृगबहार यांनी सांगितले ते बरोबर आहे. त्याचीच दुसरी बाजू वैनगंगाताईंना लागू पडते. मावशींना मूल नाही. पतीकडून वारशाने आलेली मिळकत, स्त्रीला मुले किंवा आधी वारलेल्या मुलांची मुले नसतील तर, कलम १५ च्या दुसऱ्या पोटकलमाप्रमाणे पतीच्या वारसांकडे जाते. ते वारस म्हणजे आपण दोघे भावंडे. सावत्र मुले ही त्या स्त्रीची "मुले" म्हणून नव्हे, तर तिच्या "पतीचे वारस" म्हणून येतात, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये लछमन सिंग विरुद्ध किरपा सिंग या निकालात स्पष्ट केले आहे. सारांश, मावशींनी काहीच केले नाही तर त्यांचा नववा भाग त्यांच्या बंधूंकडे अथवा भाच्यांकडे जाणार नाही, तो फिरून आपल्याकडेच येणार.

"काहीच केले नाही तर" हे शब्द मात्र महत्त्वाचे. कलम १४ मुळे त्या आपल्या वाट्याच्या पूर्ण मालक आहेत. विकणे, बक्षीस देणे, मृत्युपत्र करणे हे सर्व त्यांच्या अखत्यारीत येते.

पितळीगुंड :

वैनगंगा, मी तुमच्या मावशींच्या बाजूची आहे, म्हणजे मीही कोणाची तरी सावत्र आई आहे. नंदनवनला राहते. वय अडुसष्ट.

यजमान गेल्यानंतर सव्वा महिन्याने मुलगा आणि सून आली आणि स्वयंपाकघरातील भांड्यांची यादी करू लागली. पाण्याचा पितळी गुंड कोणाचा, परात कोणाची, यावर पहिल्या सासूबाईंचे नाव कोरलेले आहे का. मी दारात उभी होते. वीस वर्षे त्याच गुंडात मी पाणी भरले, चिंचेने घासून तो लखलखीत ठेवला. त्याच्यावर नाव पहिलीचे होते, हे मला माहीत नव्हते असे नाही, मी ते रोज वाचत होते. त्या दिवशी मला हिस्सा मागावासा वाटला. त्याआधी माझ्या मनात तो विचारही आला नव्हता. वकिलाकडे मी त्याच आठवड्यात गेले.

तुमच्या मावशींना काय हवे आहे हे त्यांना कोणी विचारले आहे का? तुमच्या लेखनात भावाचे म्हणणे आहे, त्यांच्या बंधूंचे म्हणणे आहे. त्यांचे स्वतःचे एकच वाक्य आहे, आणि ते जेवणाबद्दल आहे.

वैनगंगा :

काकू, तुमचे वाचून मी बराच वेळ काही लिहू शकले नाही. खरेच, मी विचारले नव्हते. विचारून सांगते.

वर्धारोडी :

मी येथे थोडे वेगळे मत मांडतो, कारण भावाला सगळे जण खलनायक ठरवून मोकळे झाले आहेत. मी स्वतः बारा वर्षे बंगळूरला होतो आणि वडिलांच्या घरातील माझा हिस्सा दहा वर्षे कागदावरच राहिला. त्या काळात मी भाड्याच्या घरात राहत होतो आणि मालमत्ता कराची निम्मी रक्कम मात्र दरवर्षी नागपूरला पाठवत होतो. बाहेरगावी असलेल्या भावंडाला घर म्हणजे आठवणी आणि घरात राहणाऱ्याला घर म्हणजे घर, असा हिशेब लोक लावतात. पण बाहेरगावच्या माणसाच्या डोक्यावरही कर्ज असते. पुण्यात फ्लॅटचा हप्ता भरणाऱ्याच्या नावावर त्रिमूर्तीनगरच्या घराचे चार नवमांश पडून असतील, तर त्याला ते मोकळे करावेसे वाटणे गैर नाही. तेरवीच्या दिवशी कागद काढणे गैरच.

काळा कोट :

वर्धारोडी यांचा मुद्दा रास्त आहे, आणि त्यावर कायद्यात उत्तर आहे. सहहिस्सेदार कधीही वाटणी मागू शकतो. घराची वाटणी शक्य नसेल तर विकून पैसे वाटले जातात. मात्र तुमच्या भावाने एकट्याने आपला अविभक्त हिस्सा बिल्डरला विकला, तर मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम ४४ प्रमाणे त्या परक्या खरेदीदाराला कुटुंबाच्या राहत्या घरात संयुक्त ताबा मागता येत नाही, आणि वाटणी अधिनियम १८९३ च्या कलम ४ प्रमाणे उरलेले कुटुंबीय तो हिस्सा न्यायालयाने ठरवलेल्या किमतीला विकत घेऊ शकतात. हे माहीत असलेला बिल्डर सर्वांच्या सह्या मिळाल्याशिवाय पुढे जात नाही. म्हणूनच तेरवीच्या दिवशी तो कागद आला असावा. घाई भावाची कमी आणि बिल्डरची जास्त.

आखीवपत्रिका :

बाकीच्यांनी हक्काचे सांगितले, मी खेटे घालण्याचे सांगतो, कारण ते मी दोन वर्षे घातले आहेत. प्लॉट नागपूर सुधार प्रन्यासच्या लीजचा आहे की खासगी मालकीचा, हे आधी पाहून घ्या. लीजचा असेल तर प्रन्यासच्या दप्तरीही वारसांची नावे चढवावी लागतील. आखीव पत्रिकेवर वेगळी आणि महानगरपालिकेच्या मालमत्ता कराच्या नोंदीत आणखी वेगळी. तिन्ही ठिकाणी नावे जुळली नाहीत, तर पुढे बांधकामाचा नकाशा मंजूर होताना नेमके तेच अडते. फ्लॅट स्कीमचा विचार असेल तर हे आधी करा.

वैनगंगा :

ठेवींबद्दल कोणी सांगेल का? भावाला ते जास्त खुपते आहे. बँकेने मावशींना रक्कम देण्याची तयारी दाखवली आहे.

काळा कोट :

नॉमिनी म्हणजे पैसे स्वीकारण्याचा अधिकार असलेली व्यक्ती. ती मालक होत नाही. विम्याच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने हे १९८३ मध्ये सरबती देवी प्रकरणात सांगितले. शेअर आणि म्युच्युअल फंडाच्या बाबतीत डिसेंबर २०२३ मध्ये शक्ती येझदानी प्रकरणात तेच सांगितले. विमा कायद्यात २०१५ मध्ये झालेल्या बदलामुळे पत्नी, मुले किंवा आई-वडील नॉमिनी असतील तर निराळा वाद उभा राहतो, तो येथे गैरलागू आहे. बँकेतील ठेवी बाबांच्या स्वतःच्या होत्या, त्यामुळे त्या तिघांत सारख्या. बँकेने मावशींना रक्कम दिली तर बँक मोकळी होते, मावशी मात्र आपल्या दोघांना उत्तरदायी राहतात.

कुटुंब निवृत्तिवेतन ही निराळी बाब आहे. ते मृताच्या मिळकतीचा भागच नाही, ते नियमाप्रमाणे पत्नीला स्वतःच्या हक्काने मिळते; १९९१ च्या व्हायोलेट आयझॅक निकालापासून हे स्थिर आहे. "त्यांना पेन्शन मिळते, म्हणून घरातला वाटा सोडावा" हा हिशेब, तिखटमीठ यांची क्षमा मागून सांगतो, कोणत्याही कलमात बसत नाही.

तिखटमीठ :

क्षमा कसली, साहेब. माझा समज चुकीचा होता. आमच्याकडे काकांच्या बाबतीत अगदी हेच म्हणून काकूंकडून सही घेतली गेली होती. असो.

वैनगंगा :

आठ दिवसांनी लिहिते आहे. मी मावशींशी बोलले.

त्यांना खालचा मजला हवा आहे, हयात असेपर्यंत. गुडघ्यांमुळे जिना चढता येत नाही. विकायला त्यांचा विरोध नाही, पण त्यांच्यानंतर. हिस्सा हा शब्द त्यांनी उच्चारला नाही. मी नवव्या भागाचे सांगितले तेव्हा त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, "मग तुझ्या बाबांना ठाऊक नव्हते." मग त्यांनी कपाटातून एक कागद काढून दिला.

बाबांचे मृत्युपत्र. शंभराच्या स्टॅम्प पेपरवर, अक्षर त्यांचेच. ट वरची रेघ डावीकडे लांबवण्याची त्यांची सवय आहे. तारीख गेल्या वर्षीच्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवसाची. "माझ्या मालकीचे त्रिमूर्तीनगर येथील संपूर्ण घर माझी पत्नी हिने तहहयात उपभोगावे व तिच्यानंतर मुलांनी सारखे वाटून घ्यावे." खाली त्यांची सही, नोटरीचा शिक्का आणि साक्षीदार म्हणून शेजारच्या काकांची एकट्यांची सही. मावशींनी वर्षभर हा कागद दाखवला नाही. का, असे विचारल्यावर म्हणाल्या की तेरवीला एक कागद निघालाच होता, त्यावर दुसरा कशाला काढायचा.

काळा कोट :

कागद न पाहता लिहितो, तरी अडचण दिसते आहे. मृत्युपत्राला स्टॅम्प पेपर लागत नाही, नोटरी लागत नाही, नोंदणीही सक्तीची नाही; मुंबईसारखी प्रोबेटची (न्यायालयाकडून मृत्युपत्र प्रमाणित करून घेण्याची) सक्तीही नागपुरात कधी नव्हती. जे लागते ते मात्र सुटलेले आहे. भारतीय उत्तराधिकार अधिनियम १९२५ च्या कलम ६३ प्रमाणे किमान दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यात. नोटरीने स्वतः साक्षीदार म्हणून सही केली आहे, की केवळ शिक्का मारून प्रमाणित केले आहे, यावर सर्व अवलंबून राहील आणि तो वाद न्यायालयात वर्षानुवर्षे चालू शकतो. दुसरे असे की, मृत्युपत्र सिद्ध झाले तरी बाबा आपल्या एक तृतीयांशापुरतेच लिहू शकत होते. संपूर्ण घर त्यांचे नव्हते, त्यामुळे उरलेल्या दोन तृतीयांशाबद्दलचे वाक्य कोरडेच राहते.

वैनगंगा :

म्हणजे कागद कच्चा आहे. पण काळा कोट काका, त्यांची इच्छा काय होती हे आता मला माहीत आहे. ते कसे पाळायचे, ते सांगा.

काळा कोट :

तडजोडीने. कुटुंबातील वाद मिटवणाऱ्या व्यवस्थापत्राला न्यायालये नेहमीच उचलून धरतात. काले विरुद्ध एकत्रीकरण उपसंचालक हा १९७६ चा निकाल त्याचा आधार मानला जातो. तोंडी झालेल्या वाटणीची नंतर केलेली नुसती टिपण नोंदणीशिवायही चालते, परंतु ज्या कागदानेच हक्क निर्माण होतात तो नोंदवावा लागतो. माझे मत विचाराल तर नोंदवाच. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात एक सकाळ जाईल, पण पुढची वीस वर्षे वाचतील.

मसुद्यात एक जागा धोक्याची आहे, ती नीट वाचा. "मावशींना तहहयात राहण्याचा हक्क" असे ढोबळ लिहून वकील मोकळे होतात. विधवेला तिच्या निर्वाहाच्या आधीपासूनच्या हक्कापोटी मर्यादित उपभोग दिला असेल, तर तो हिंदू उत्तराधिकार अधिनियमाच्या कलम १४ मुळे पूर्ण मालकीत बदलतो, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये तुलसम्मा प्रकरणात ठरवले आहे. तेव्हा सहृदयतेने लिहिलेल्या त्याच ओळीवरून पुढे पिढीजात वाद होऊ शकतो. म्हणून दोन गोष्टी वेगळ्या लिहाव्यात. नववा भाग मावशींचा, पूर्ण मालकीचा. खालच्या मजल्याचा हयातभर वापर मात्र तुम्ही दोघे सहमालक आपल्या आठ भागांतून त्यांना देत आहात, निर्वाहाच्या हक्काच्या बदल्यात नव्हे. भाडे, दुरुस्ती, मालमत्ता कर कोण भरणार आणि फ्लॅट स्कीम झालीच तर त्यांना तळमजल्यावर किती जागा मिळणार, तेही त्यात यावे. मावशींनी स्वतःच्या वकिलाला तो मसुदा दाखवावा. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम १९८७ प्रमाणे स्त्रियांना, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. प्राधिकरणाचे कार्यालय सिव्हिल लाइन्सला न्यायालयाच्या आवारातच आहे आणि दावा दाखल करण्याआधी मध्यस्थीही तेथेच होऊ शकते.

पितळीगुंड :

आणि वैनगंगा, भावाला हेही सांगा की २००७ च्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्यात आई-वडिलांच्या व्याख्येत सावत्र आई स्पष्टपणे धरलेली आहे. उद्या त्यांची औषधे, त्यांचा निर्वाह यांची वेळ आली तर उपविभागीय अधिकारी मुलांकडूनच तो मागू शकतात. मी मागितलेला नाही, पण मला ते कलम पाठ आहे.

वर्धारोडी :

भावाला फोन करण्याआधी त्याला आकडे लिहून पाठवा. मला माझ्या बहिणीने तेच केले होते. फोनवर आम्ही भांडलो असतो, कागदावर मी हिशेब तपासत बसलो.

वैनगंगा :

आकडे पाठवले. चार, चार, एक. सोबत बाबांच्या कागदाची छायाप्रत. दोन दिवस उत्तर आले नाही. तिसऱ्या दिवशी रात्री त्याने मला नाही, मावशींना फोन केला. काय बोलणे झाले ते मला कोणीच सांगितलेले नाही आणि मीही विचारले नाही. शनिवारी तो आझाद हिंद एक्स्प्रेसने आला.

ठरले ते असे. खालचा मजला मावशींकडे, काळा कोट यांनी सांगितल्याप्रमाणे दोन वेगळ्या कलमांत. ठेवींचे तीन भाग. भावाने आपला भाग पुण्याच्या कर्जात भरायचा आणि त्याबदल्यात पाच वर्षे घर विकण्याचा विषय काढायचा नाही. बिल्डरला त्याने स्वतःच नाही म्हणून कळवले. हे सर्व गोडीगुलाबीने झाले असे समजू नका. पाच वर्षांच्या अटीवर दुपारभर वाद झाला आणि भाऊ एकदा उठून सरळ पानठेल्यावर निघून गेला होता.

सोमवारी नगर भूमापन कार्यालयात गेलो. १९९९ च्या फेरफाराची दुरुस्ती आणि आताचा वारस फेरफार अशा दोन्हींसाठी अर्ज करायचा होता. सोबत वंशावळ लागते, शपथपत्रावर. बाबांचे नाव मध्ये लिहून त्याखाली दोन रेघा काढायच्या होत्या. मी मावशींचे नाव डाव्या रेघेखाली लिहू लागले, कारण आई आता कागदावर कोठेच उरलेली नाही असे माझ्या हाताला वाटत होते. मावशींनी पेन थांबवला. डावीकडे आईचे नाव, मयत, तिच्याखाली आम्ही दोघे. उजवीकडे त्यांचे नाव, आणि त्यांच्याखाली त्यांनी स्वतःच्या हाताने "निरंक" लिहिले.

लिपिकाने अर्ज घेतला, पोच दिली. हरकतींच्या नोटिशीची पंधरा दिवसांची मुदत येत्या गुरुवारी संपते.